गोड हात काळा झाला

"माझ्या अंगात जादू आहे की नाही, तेवढं शोधून द्या," मुलगी म्हणाली. "रविवारच्या आत."

कासम खोतांनी चष्मा कपाळावर सरकवला. जुम्म्याची नमाज आटोपून ते नुकतेच ऑफिसात येऊन टेकले होते. भिवंडीत खासगी तपासाचा धंदा करणाऱ्या माणसाकडे लोक चोरीला गेलेलं सूत आणतात, पळालेला भागीदार आणतात. जादू आजवर कुणी आणली नव्हती.

"आणि असली तर?" खोतांनी विचारलं.

"असली तर ठेवीन म्हणते," मुलगी गंभीरपणे म्हणाली. "पण ते ठेवू देणार नाहीत. रविवारी सकाळी नवशा भगत येणार आणि तापल्या विळ्यानं माझा हात डागणार. हा."

तिनं उजवा तळवा टेबलावर पालथा घातला, मग उलटा केला. तळवा तपकिरी होता. बोटांच्या पेरांत रंग जास्त गडद होता.

खिडकीपाशी टाइपरायटरची फीत बदलत बसलेले केसरीनाथ वैती उठून आले. ऑफिसची अर्धी खोली त्यांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटची होती. विद्यार्थी कमी झाल्यापासून ते खोतांच्या प्रत्येक प्रकरणात हिंडायचे. लोक त्यांना खोतांचे सहायक समजत. केसरीनाथांना ते मान्य नव्हतं. डोकं आपलंही चालतं, फक्त थोडं उशिरा, असं त्यांचं मत होतं.

"मेंदी?" त्यांनी विचारलं.

"मेंदी काढलीच नव्हती. साबणानं घासला, राखेनं घासला. परवापेक्षा फिका झालाय, पण जात नाही."

मुलीचं नाव पार्वती, घरात पारू. वय नुकतंच अठरा. कामतघरच्या काळूराम म्हात्र्यांची एकुलती एक मुलगी, बारावी कॉमर्स, परीक्षा पुढच्या महिन्यात. साल एकोणीसशे एक्याण्णव होतं. परीक्षेच्या आधी साखरपुडा आणि परीक्षेच्या नंतर लग्न, असा घरचा बेत होता.

"साखरपुड्यात काय झालं ते नीट सांग," खोत म्हणाले. "काही गाळू नकोस आणि काही घालू नकोस."

"आमच्या घराण्यात गोड हाताची रीत आहे. साखरपुड्याला मुलीनं गुळाच्या पाण्यात उजवा हात बुडवायचा आणि कोऱ्या मांजरपाटावर उमटवायचा. ते कापड सासरी जातं. बुधवारी पूर्ण्याची माणसं आली, मुलाकडची. मी पाटावर बसले, हात बुडवला, कापडावर ठेवला. उचलला तर खाली काळा पंजा. शाईसारखा काळानिळा."

"मग?"

"मुलाच्या आईनं किंचाळी मारली. मी घाबरून आईच्या शालूच्या पदराला हात पुसला. पदर नुसता पिवळट झाला. मग आत्या म्हणाली, देवीला अक्षता टाक. मी ओल्या हातानंच तांदूळ उचलले. मुठीत तांदूळ काळे झाले, काका! त्यानंतर पूर्ण्याची माणसं थांबली नाहीत."

केसरीनाथ दोन पावलं मागं सरकले. ते स्वतः खाडीकाठच्या गावातले. असल्या गोष्टी ऐकत लहानाचे मोठे झाले होते.

"आणि भगत?"

"काल आला. कापडावर मंत्र म्हणत लिंबू पिळलं. पंजा पुसला गेला. आमच्या डोळ्यांसमोर पांढरं झालं कापड! मग म्हणाला, कापडावरचं उतरवलं, हातातलं डागल्याशिवाय उतरणार नाही. पूर्ण्याला निरोप गेला. हात डागला की ते लग्नाला तयार आहेत."

"तुला करायचंय हे लग्न?"

पारूनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांनी भलतंच काही विचारलं होतं. "ते कुठं विचारतात, काका? मी हाताचं विचारायला आलेय."

खोतांनी चष्मा खाली घेतला. "चला, केसरीनाथ."

म्हात्र्यांचं घर कामतघरच्या चाळींमागे होतं. खाली ओटी, वर नवा स्लॅब. शुक्रवार, म्हणजे विजेच्या सुट्टीचा दिवस. आसपासचे सगळे माग बंद होते आणि त्या शांततेत माणसं उगीच हळू बोलत होती.

पारूची आई पुतळाबाई स्वयंपाकघरात होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"गुलाचा पानी मीच केला," ती म्हणाली. "चिनी मातीचे वाडग्यान. चाखून पन पायला. चांगला गोड व्हता."

"चाखल्यावर वाडगा कुठं ठेवलात?"

"देवघरान. पावनं येवस्तवर थयच व्हता."

"देवघरात कोण कोण आलं?"

"सगलेच. आक्का धूप घालीत व्हती. यवढा घातला यवढा घातला का आमचे डोल्यांना धारा. तुलशीराम भावजी कापड घेवन आले. ह्यांनी नारल ठेवला."

"बाहेरचं कुणी?"

"दामू येवन गेला. शेजारचा, दवाखान्यान कंपाउंडर हाय तो. पन सकालचे. तवा गुल पन भिजला नव्हता. मंग दिसभर त्याची ड्युटी व्हती."

केसरीनाथांनी खोतांना कोपरानं ढोसलं. बाहेर आल्यावर कुजबुजले, "कंपाउंडर, कासमभाई! औषधांची बाटली-बिटली. आणि पारूचं नाव घेताना त्याच्या आईच्या तोंडून ऐकलंय मी, आमचा दामू म्हणजे..."

"कधी ऐकलंत?"

"आत्ताच, बाहेर चपला काढताना. ती शेजारीण, त्याची आई, सांगत होती."

"तुमचे कान चांगले आहेत," खोत म्हणाले. "त्यांनाच कामाला लावा."

काळूराम म्हात्रे ओटीवर भिंतीला टेकून बसला होता. थोराड माणूस. उजव्या हाताची तर्जनी अर्धीच होती. खोतांची नजर तिथं गेलेली त्यानं पाहिली.

"लहानपनी शेजारचे मागान गेली. पट्ट्यान बोट घातला," तो म्हणाला. "पोरवय. हात सडला असता. आक्कानं वाचवला. रोज धुवायची, औषध लावायची, चिंधी बांधायची. मी डोले मिटून बोंबलायचो, ती बांधायची."

"आक्का म्हणजे थोरली बहीण?"

"व्हय. पारूची आत्या." काळूरामनं आवाज उतरवला. "ही गोष्ट आमचे घरातनं भायेर जात न्हाय. पन तुमी इचारताय तर सांगतो. आक्काचे साखरपुड्याला पन असाच जाला व्हता. काला पंजा. माजे बापानं तिला देवीचे नावानं सोडली. लगीन न्हाय, पोर न्हाय. सारा जल्म ह्या ओटीवर. लोकं येतान, तिचा हात डोक्यावर घेतान, आन रातचे तिला जेवाला कोन बोलवीत न्हाय. बहिनीचा पायला. पोरीचा बघनार न्हाय मी."

"म्हणून डागणार?"

"दोन दिस ठनकंल. सारा जल्म ठनकन्यापरीस बरा. तुमी कोनीही असा, भाई. रयवारी भगत येनार."

आक्का मागच्या पडवीत बसली होती. पन्नाशीची, सडसडीत, पांढरं लुगडं. तिच्यापुढं एक बाई रडक्या मुलाला घेऊन उभी होती. मुलाचा गुडघा फुटला होता. आक्कानं गुडघा पाण्यानं पुसला, बाटलीतलं औषध लावलं, फुंकर मारली आणि मग उजवा हात मुलाच्या डोक्यावर ठेवून डोळे मिटले. मुलगा गप्प झाला. बाईनं वाकून नमस्कार केला आणि ती पाठ न दाखवता मागं मागं सरकत गेली.

"आक्का, पोरीच्या हाताचं काय वाटतं तुम्हाला?" खोतांनी विचारलं.

"डागू देव नका." ती झटकन म्हणाली. "मना तसा कोनी डागला नव्हता. माजा बापूस बोल्ला, देवीची हाय, हात लावू नका. काल्या ऐकत न्हाय. दोन दिस जाले, अन्न जात न्हाय मना."

"तुमचं लग्न मोडलं तेव्हा वाईट वाटलं का?"

आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं. मग हसली. "पयल्यांदाच कोन हा इचारतोय," ती म्हणाली आणि बाटलीचं झाकण लावून आत गेली.

परत येताना केसरीनाथ हळहळत होते. "बिचारी. घराण्यालाच शाप आहे, दुसरं काय. मी सांगतो कासमभाई, काही गोष्टी आपल्या तपासात बसत नाहीत."

"बसत नाहीत त्याच आधी बसवायच्या," खोत म्हणाले. "शालूवर पिवळा, कापडावर काळा, तांदळावर काळा. जादू असती तर तिनं असा भेदभाव का केला असता?"

"शालू रेशमी म्हणून?"

खोत थांबले. "केसरीनाथ, हे तुम्ही फार चांगलं बोललात."

केसरीनाथांना आनंद झाला. आपण काय बोललो ते मात्र त्यांना उमगलं नाही.

शनिवारी सगळे माग पुन्हा चालू झाले होते. तुळशीरामचा कारखाना म्हणजे पत्र्याच्या शेडखाली चार-सहा यंत्रमाग. तुळशीराम, काळूरामचा धाकटा भाऊ, बाहेर खाटेवर बसून चहा पीत होता.

"आत जात नाही का?" खोतांनी ओरडून विचारलं. मागांच्या खडखडाटात साधं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"डॉक्टरनं मनाई केलीय! रुई उडते, दमा होतो. मी आपला मालक, बाहेरूनच. काम कामगार बघतात." तो लगेच मुद्द्यावर आला. "तुमचा संशय माझ्यावर असणार. पूर्ण्याच्या त्या मुलाला मी विरोध केला होता, हे सांगितलंच असेल कुणीतरी."

"का केला होता?"

"टुर्नामेंटमध्ये अंपायर होता तो. फायनलला आमच्या रनआऊटला नॉटआऊट दिला. अशा घरात मुलगी द्यायची?"

केसरीनाथांनी मान डोलावली. हे कारण त्यांना पुरेसं वाटलं.

"कापड तुम्ही आणलंत," खोत म्हणाले.

"आणलं, पण ते नव्हे! मी चांगलं आणलं होतं, धुऊन ब्लीच केलेलं, पांढरंशुभ्र. पाहुणे मोठे, गोदामांचे मालक. आक्कानं परत पाठवलं. म्हणाली, धुतलेलं म्हणजे वापरलेलं, रीतीला कोरंच पाहिजे, मागावरून उतरलेलं. आमची आक्का रीतीला पक्की. मग इथनंच मांजरपाट फाडून नेलं."

"भगत आला तेव्हा तुम्ही होता?"

"होतो ना. नारळ आणि राख मागितली त्यानं. तेवढंच."

"लिंबू?"

तुळशीराम आठवू लागला. "लिंबू त्यानं नाही मागितलं. आक्कानं कापून हातात दिलं. तिच्याच झाडाचं. म्हणाली, हा पिल, उतरंल. भगतानं पिळलं आणि चमत्कार! मग काय, त्याची मान ताठ झाली."

खोत आत जाऊन मागांमधून एक चक्कर मारून आले. एका मागावर तुटलेला धागा जोडणाऱ्या कामगाराच्या अंगठ्याला मांजरपाटाची चिंधी बांधलेली होती. चिंधी काळीनिळी झाली होती. मागाच्या तोंडाशी ताण्याचे, म्हणजे उभे ताणलेले धागे ताठ, कडक दिसत होते. खोतांनी एक धागा बोटांत चोळला आणि बोटावर आलेली पांढरी भुकटी पाहिली.

"वंगण किती लागतं हो या लोकांच्या हाताला," बाहेर आल्यावर केसरीनाथ म्हणाले. "त्याची चिंधी पाहिलीत? काळीकुट्ट."

"वंगणाच्या डागाला निळी झाक असते का?"

"नसते?"

"चला दवाखान्यात."

दामू कंपाउंडर पुड्या बांधत होता. लाजरा, कानात अत्तराचा बोळा. पारूचं नाव निघताच त्याच्या हातातली पुडी सांडली.

"मी काही केलेलं नाही," तो म्हणाला. "माझ्या मनात आहे, ते तिलाही ठाऊक नाही. पण मी सकाळी जाऊन देवीच्या पाया पडून आलो, नंतर रात्रीपर्यंत इथंच होतो. डॉक्टरांना विचारा."

"विचारणार नाही. एवढंच सांग, इथलं टिंक्चर आयोडीन कामतघरात कुणाकुणाला देतोस?"

"कुणाकुणाला म्हणजे? सगळ्या कारखान्यांत जातं. मागाचा धोटा उडून लागतो, बोटं कापतात. शिवाय आक्काला देतो. पोरं घेऊन बाया येतात ना तिच्याकडे. नुसता हात ठेवून जखम बरी होत नाही, असं ती मला एकदा म्हणाली होती. आपल्यातच ठेव म्हणाली."

बाहेर आल्यावर केसरीनाथांनी विजयी चेहरा केला. "टिंक्चर! म्हणजे दामूच. किंवा तुळशीराम. कारखान्यातही आहे."

"उद्या सकाळी येताना घरून भाताची पेज आणा," खोत म्हणाले. "वाटीभर. मीठ न घातलेली."

रविवारी सकाळी म्हात्र्यांच्या अंगणात शेणी पेटल्या होत्या. त्यात विळा होता. नवशा भगत जवळ बसून फुंकर घालत होता. पारू पाटावर होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती विळ्याकडे एकटक पाहत होती आणि तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं होतं. पुतळाबाई तिला चिकटून बसली होती. आक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"भाई, मधी पडू नका," काळूराम म्हणाला.

"पडत नाही. फक्त माझा हात तेवढा आधी डागा."

खोतांनी पिशवीतून वाडगा काढला, त्यात गूळ घातला, पाणी ओतलं, बोटानं ढवळलं. मग खिशातली छोटी बाटली त्यात रिकामी केली. पाणी होतं तसंच तपकिरी राहिलं. कारखान्यातून आणलेला मांजरपाटाचा तुकडा त्यांनी पाटावर पसरला, बाही वर केली, पंजा बुडवला आणि कापडावर ठेवला.

हात उचलला. खाली काळानिळा पंजा होता.

पुतळाबाईनं पदर तोंडात कोंबला. नवशा भगत उभा राहिला.

"अजून पाहा," खोत म्हणाले. ओल्या हातानं त्यांनी तांदूळ उचलले. तांदूळ काळे झाले. केसरीनाथांनी आणलेल्या पेजेत दोन थेंब टाकले. पेज शाईसारखी झाली. मग त्यांनी लिंबू कापलं आणि कापडावरच्या पंजावर पिळलं. पंजा विरत गेला, कडेकडेनं, आणि कापड पुन्हा पांढरं झालं.

"मी कुठल्या घराण्यातला, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्यात गोड हाताची रीत नाही," खोत म्हणाले. "ही बाटली टिंक्चर आयोडीनची आहे. जखमेला लावतो ते. पिठूळ पदार्थाला लागलं की ते काळंनिळं होतं. भात, पेज, बटाटा. लिंबाच्या रसानं तो रंग जातो. शाळेत शिकवतात हे."

"आमच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप होतं," पारू अस्फुट आवाजात म्हणाली.

"पन कापडान पीठ कुठं?" काळूरामनं विचारलं.

"मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला पिठाची खळ देतात, नाहीतर सूत तुटतं. मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात ती खळ असते. धुतलं की निघून जाते. तुमच्या रीतीला कोरं कापड लागतं, म्हणून ही जादू तुमच्याच घरात चालली. रेशमी पदरावर नुसता डाग पडला, कारण रेशमात खळ नव्हती. पारूचा हात धुऊनही तपकिरी राहिला. गूळ पाण्यानं जातो, टिंक्चर कातडीवर रेंगाळतं."

नवशा भगतानं कुणाला न सांगता झोळी खांद्याला लावली. अंगणाच्या फाटकापाशी तो एकदा वळला, पण कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं. विळा शेणींत तसाच राहिला.

काळूराम पुढं आला. "कोन? माजे पोरीचा हात डागायला निघालो व्हतो मी. कोनी केला हा?"

"दामू!" केसरीनाथ म्हणाले. त्यांना राहवलं नाही.

"दामू नव्हे. पुतळाबाईंनी पाणी चाखलं तेव्हा ते नुसतं गुळाचं होतं. टिंक्चर नंतर पडलं, देवघरात. दामू गूळ भिजायच्या आधीच गेला होता."

"मग तुळशीराम. कारखाना त्याचा."

"तुळशीरामशेट कारखान्यात पाऊल टाकत नाहीत. टाकलं असतं तर चिंधी काळी कशी होते, ते त्यांनी पाहिलं असतं. शिवाय त्यांनी तर धुतलेलं कापड आणलं होतं. त्यावर पंजा काळा झालाच नसता. जो हे करणार होता, त्याला कोरंच कापड हवं होतं."

तुळशीराम वळला. त्याची नजर दाराकडे गेली.

"मी आणखी एक सांगतो आणि थांबतो," खोत म्हणाले. "ज्यानं डाग पाडला, त्याला तो पुसायलाही येत होता. भगतानं लिंबू मागितलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी हातात दिलं. का? डाग गेला की पोरीची सुटका होईल म्हणून. उलटंच झालं. भगत मोठा ठरला आणि विळा तापला. त्या माणसाला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. नाव मी घेणार नाही. ते त्यानंच घ्यावं."

आक्का चौकट सोडून अंगणात आली.

"मीच," ती म्हणाली. "धुपात वास लपवला. वाडग्यान बाटली वतली. आज भगतानं विला उचलला असता तर बोलनार व्हते. पन काल बी बोलनार व्हते, आन परवा बी. तोंड उघडत नव्हता."

"आक्का!" काळूराम म्हणाला.

"तुजाच बोट व्हता, काल्या. रोज टिंक्चर लावायचे, मागावरची कोरी चिंधी बांधायचे, चिंधी काली व्हायची. तू डोले मिटून बोंबलायचास, तुला दिसला न्हाय. मना दिसला. लिंबाचे हातानं चिंधी धुतली तर पांढरी जाली, ते पन दिसला. मंग माजा साखरपुडा आला."

"म्हंजे तुजा पन?"

"माजा पन मीच केला."

"पन कशाला? चांगला घर व्हता तो! सारा जल्म फुकट गेला तुजा!"

"फुकट?" आक्काचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी बापाला बोल्ले, मना लगीन नको. हसला. आयसला बोल्ले, ती बोल्ली, सगल्या पोरी असाच बोलतान. परत बोल्ले तर मार खाल्ला. पोरीचा 'नको' कोनाला आयकू येत न्हाय, काल्या. काला हात सगल्यांना दिसतो. मना नको व्हता लगीन. हितं ओटीवर बसायचा व्हता, पोरांचे गुडघे पुसायचे व्हते. मी सुखी हाय. ते कोनी इचारला न्हाय, म्हून सांगितला न्हाय."

काळूराम ओटीच्या पायरीवर बसला. बहिणीच्या दुःखाची काळजी करण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. ते दुःख तिथं नव्हतंच.

"आन पारूचा?" तो म्हणाला.

"रोज रातचे पुस्तक घेवन माजेकडं रडते. तुमाला नको बोल्ली व्हती, मना ठावं हाय. तुमी हसलात." आक्का पारूकडे वळली. "पोरी, तुला इचारल्याबिगर केला. माजा बापूस भगताला दारान उभा करत नसं, मना वाटला काल्या पन करनार न्हाय. तिथं चुकले. मना माफ कर."

पारू उठली. तिनं आत्याला मिठी मारली आणि मग, तिथल्या तिथं, हुंदके देऊन रडायला लागली.

"म्हणजे माझ्यात काहीच नाही," ती रडतारडता म्हणाली. "मला वाटलं होतं, थोडी तरी असेल."

केसरीनाथ नाक शिंकरत होते.

तेवढ्यात तुळशीरामनं घसा खाकरला. त्याला व्यवहाराची आठवण झाली होती. "दादा, पूर्ण्याची माणसं दुपारी यायची आहेत, हात बघायला. त्यांना काय सांगायचं? हात साफ झाला म्हणू? की साफ झाला नाही म्हणू? नाही म्हटलं तर बरं. शापाच्या घरातून गेले तर कुणाचाच अपमान नाही. गावात तोंड दाखवता येईल."

केसरीनाथांनाही ते शहाणपणाचं वाटलं. त्यांनी मान हलवली.

काळूरामनं मान वर केली नाही. "पारू," तो म्हणाला.

"हां, बाबा."

"तुला हा लगीन करायचा हाय काय?"

पुतळाबाई काही बोलायला गेली. आक्कानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"नाही," पारू म्हणाली. मग तिला वाटलं की पुरेसं मोठ्यानं झालं नाही. "नाही, बाबा. नको."

काळूराम पायरीवरून उठला. पूर्ण्याच्या माणसांशी त्याची तीन पिढ्यांची ओळख होती. मुलीनं नाही म्हटलं हे ऐकल्यावर ती माणसं पुन्हा त्याच्या दारात येणार नव्हती, आणि गावभर काय बोलतील तेही त्याला माहीत होतं.

"तुलशा," तो म्हणाला, "दुपारची वाट बघू नको. आताच जा पूर्ण्याला. हाताचा काय बोलू नको."

"मग काय सांगू?"

"सांग, पोरगी नको बोलते."

"एवढंच?"

"यवढाच," काळूराम म्हणाला, आणि कोपऱ्यातली बादली उचलून त्यानं शेणींवर पाणी ओतलं.